नवा फ्लॅट, बँकेचे 80 टक्के आणि आपलं रडगाणं

जमाखर्च
कालपासून एक पोस्ट फिरतेय. "नव्या फ्लॅटला बँका 80 टक्क्यांच्या पुढं सरकत नाहीत, ही मध्यमवर्गाची अडवणूक आहे. पगार आहे, सिबिल (कर्जफेडीची पत दाखवणारा स्कोअर) आहे, मग 100 टक्के का नाही?" आणि खाली सगळ्यांचं 'अगदी बरोबर'. डोकं फिरलं म्हणून हे लांबण लावतोय.

ही मर्यादा शाखाधिकाऱ्यानं मनानं काढलेली नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: कर्ज 30 लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या 90 टक्के, 30 ते 75 लाखांना 80, त्यापुढं 75. त्याहून कमी देणं बँकेच्या मर्जीवर, जास्त देणं नाही.

खरी गोची पुढं आहे. आपल्या कोल्हापुरात साने गुरुजी वसाहतीकडं काम चालू असलेला 52 लाखांचा फ्लॅट धरा. कर्ज 41.60, आपले 10.40. शहर हद्दीत मुद्रांक शुल्क 6 टक्के म्हणजे 3.12 लाख. नोंदणीचे 30 हजार. किंमत 45 लाखांच्या वर, म्हणून जीएसटी 5 टक्के, 2.60 लाख. खिशातून गेले 16.42 लाख. मुद्रांक आणि नोंदणी बँक किमतीत धरतच नाही. 10 लाखांच्या आतल्या घराला ते किमतीत धरायची मुभा आहे, पण कोल्हापुरात असलं नवं घर दाखवा, जेवण माझ्याकडून.

हा हिशेब न करता लोक बिल्डरला टोकन, म्हणजे बुकिंगचा विसार, देऊन मोकळे होतात आणि मग बँकेच्या नावानं बोटं मोडतात. आधी बँकेचं कर्जाचं मंजुरीपत्र घ्यायला कुणी हात धरला होता का?

पेठेतला
साहेब, तुमचं घर कवा झालं? ज्याचं झालंय त्यालाच असलं तत्त्वज्ञान सुचतंय. मी भाडं भरतोय, हप्ता भरायची ताकद हाय, पण 16 लाख एकदम आणायचे कुठनं? इकायला शेत न्हाई. मी पैसं साठवंस्तोवर बिल्डर दर वाढवून बसतोय. ज्याचा बाप चेक फाडतोय त्याला तुमचा नियम कुठं आडवा येतोय? आडवा येतोय तो आमाला.

जमाखर्च
साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी 41.60 लाखांचा हप्ता साधारण 36 हजार बसतो. पूर्ण 52 लाख घेतले तर 45 हजार. ताबा मिळेपर्यंत भाडं वेगळंच. मग सांगा ताकद.

उपनगरी
जमाखर्च, तुमच्या हिशेबात दोन गोष्टी राहिल्या. आमच्या बँकेनं जीएसटी किमतीत धरून त्यावर 80 टक्के दिले. सगळ्या बँका धरत नाहीत, पण विचारायला पैसे पडत नाहीत. आणि 90, 80 की 75 टक्के, हे कर्जाच्या रकमेवर ठरतं, घराच्या किमतीवर नाही. 36 लाखांच्या घराला लोक 80 टक्क्यांनी 28.80 मागून गप्प बसतात. अहो, 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला 90 टक्क्यांची मुभा आहे, म्हणजे पगारात बसत असेल तर तिथं पूर्ण 30 मागता येतात. वरचे 1.20 लाख काय झाडाला लागतात?

जमाखर्च
जीएसटीचं मान्य. तरी मुद्रांकाचे तीन लाख बारा हजार कुठं जात नाहीत.

उपनगरी
बायकोच्या नावावर घेतलं तर 1 टक्का सवलत आहे. पण तेवढ्यापुरतंसुद्धा तिचं नाव लावायला जिवावर येतं आपल्याकडं.

कळंबेकरीण
नावाचं सोडा, 100 टक्के मागणाऱ्यांसाठी माझा अनुभव. आमचं कर्ज टप्प्याटप्प्यानं सुटणारं. बिल्डरचं डिमांड लेटर, म्हणजे पुढच्या हप्त्याची मागणी, आलं, 'पाचवा स्लॅब पूर्ण'. हे लगेच आपल्या वाट्याची रक्कम भरायला निघाले. तेवढ्यात बँकेचा इंजिनिअर साइटवर गेला, मीही गेले. वर सेंट्रिंगच्या फळ्या आणि टेकू उभे, सळ्यांच्या मोळ्या खालीच रस्त्याकडेला, काँक्रीटचा पत्ता नाही. त्यानं फोटो काढले आणि पैसे थांबवले. बिल्डर आम्हालाच म्हणाला, "वहिनी, तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?" बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणेच पैसे सोडा, असं रिझर्व्ह बँकेनं 2013 सालीच बँकांना बजावलंय. बँकेचा हा कडकपणा मला तरी तारक ठरला.

पेठेतला
ताई, तुमचं बरोबर हाय, पण तो मुद्दा येगळा. टप्प्यानं द्या, पण पुरं द्या की.

नदीकाठचा
तुम्ही टक्क्यांवर भांडताय, आम्हाला शून्य मिळालं. प्लॅन मंजूर, रेरा (बिल्डरांवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नंबर आहे, तरी व्हॅल्युअरनं, म्हणजे बँकेसाठी घराची किंमत काढणाऱ्यानं, अहवालात 'रेड लाइनच्या (पूररेषेच्या) आत' एवढंच लिहिलं आणि बँकेनं फाइल परत केली. परवानगी द्यायची महापालिकेनं आणि कर्ज नाकारायचं बँकेनं. मग आम्ही कुठं जायचं?

पेठेतला
2019 ला पाणी आलं हुतं का तितं?

नदीकाठचा
पार्किंगमध्ये. घरात नाही.

जमाखर्च
पार्किंगमध्ये म्हणजे आलंच की. 43 फूट ही पंचगंगेची धोका पातळी, आणि 2019 ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं. 2021 ला परत तेच. शिरोलीला हायवे बंद, गावात दूध आणि पेट्रोलची बोंब. असल्या जागेवर 20 वर्षांचं कर्ज बँकेनं का काढावं?

नदीकाठचा
तुम्ही काय बँकेचे जावई आहात का? ब्लू लाइन 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, रेड लाइन 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. ब्लू आणि रेडच्या मधल्या पट्ट्यात नियमानं जोतं उंच घेऊन बांधता येतं. कायदा बांधू देतो, तर बँकेनं शहाणपणा शिकवू नये.

कळंबेकरीण
100 वर्षांतला पूर दोन वर्षांत दोनदा बघितलाय आम्ही. माहेर शाहूपुरीत आहे, आईला बोटीतून काढलं. तुमची रेघ कागदावर ठेवा.

नदीकाठचा
मग सगळ्या कोल्हापूरला डोंगरावर न्या! उंच उंच म्हणून पाचगाव, कळंब्याकडं पळालात, आता तिथं उन्हाळ्यात टँकर मागवता. बँकेला टँकर दिसत नाही वाटतं.

कळंबेकरीण
टँकर येतो. बोट येत नाही.

उपनगरी
पाणी उतरलं असेल तर कर्जावर येऊ या. राष्ट्रीयीकृत बँकांच्याच दारात का उभं राहायचं? आपल्याकडं सहकारी बँका कमी आहेत का? 2022 साली रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांची घरकर्जाची मर्यादा दुप्पट केली. छोट्यांना 30 वरून 60 लाख, मोठ्यांना 70 वरून 140 लाख. व्याज थोडं चढं असेल, पण व्हॅल्युअर गावातला असतो.

जमाखर्च
गावातला असतो हीच भीती.

तिकटी
सगळे शहाणे बोलताय, पण मूळ दुखणं कुणी काढत नाही. बिल्डर म्हणतो, 52 मधले 42 करारात, 10 रोख. बँक बघणार 42. त्याचे 80 टक्के 33.60. उरलेले 18.40 घरातून काढा, वर मुद्रांक आहेच.

जमाखर्च
आणि तुम्ही देता? जागेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला 2015 पासून बंदी आहे. घेणाऱ्याला तेवढाच दंड. शिवाय करारात 45 च्या खाली दाखवून जीएसटी 1 टक्क्यावर आणायचा, तो डाव वेगळाच. उद्या काम रखडलं आणि रेराकडं परतावा मागायला गेलात, तर कागद 42 चाच. रोखीतले 10 लाख मागायला कुठं जाल?

तिकटी
न देऊन फ्लॅट मिळतो का? पूर्ण पांढऱ्यावर देणारा बिल्डर दाखवा, मग जेवण माझ्याकडून.

उपनगरी
आहेत. फूटमागं चारपाचशे जास्त लावतात.

तिकटी
हां. म्हणजे प्रामाणिकपणाचा दर करारातच लावलाय.

पेठेतला
बरं जमाखर्च साहेब, मंजुरीपत्र आधी घ्यावं, एवढं तुमचं खरं. पण बँक म्हणतीय आधी फ्लॅट नंबर सांगा, बिल्डर म्हणतोय आधी टोकन द्या. आता?

जमाखर्च
पगारावरचं तत्त्वतः मंजुरीपत्र फ्लॅट नंबराशिवाय मिळतं. टोकन लहान द्या आणि 'कर्ज न मिळाल्यास परत' असं पावतीवर लिहून घ्या. नोंदणीकृत करार केल्याशिवाय 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाही, हे त्याला रेराचं नाव घेऊन सांगा.

पेठेतला
सांगतो. हाकलून लावलं तर तुमच्याकडंच येतो ऱ्हायला.

नदीकाठचा
माझ्या फाइलचं कुणी सांगितलंच नाही.

कळंबेकरीण
दादा, बिल्डरकडून जोत्याची उंची आणि रेड लाइनची पातळी लेखी घ्या, मंजूर नकाशावर असते. ती घेऊन उपनगरींच्या सहकारी बँकेत जा. आणि गाडी मात्र पावसाळ्यात आमच्याकडं आणून लावा.