बारावीतल्या मुलाला कॉलेज फुटबॉलची ऑफर: अनुभवी पालकांनी कृपया लिहावं

प्रेषक: प्रसाद
प्रति: मंडळाची यादी

नमस्कार मंडळी,

आमचा मुलगा यंदा बारावीत आहे. इथल्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये ऑफेन्सिव्ह लाइनवर खेळतो, म्हणजे क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या) पुढे भिंत होऊन उभ्या राहणाऱ्या पाचांपैकी एक. दोन विद्यापीठांनी त्याला पूर्ण स्कॉलरशिप देऊ केली आहे आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सही करायची आहे. आनंद आहेच. पण आमच्या दोन्हीकडच्या घरांत या खेळाची कुणालाच माहिती नाही, त्यामुळे विचारायचं कुणाला हा प्रश्न पडला.

गेल्या आठवड्यात एका विद्यापीठाचे कोच घरी येऊन गेले. माणूस मोकळा वाटला. मुलाला इंजिनिअरिंग करायचंय हे आम्ही आधीच सांगितलं. ते म्हणाले, काळजी नको, आठवड्याला २० तासांच्या वर खेळाला घेता येत नाही असा एनसीएएचा, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम करणाऱ्या संस्थेचा, नियमच आहे, अभ्यासाला भरपूर वेळ मिळतो. २० तास म्हणजे इथली कितीतरी मुलं कॅम्पसवर नोकरी करतात तेवढेच. हे खरं आहे का? ज्यांची मुलं खेळली आहेत त्यांनी मनमोकळं लिहावं.

प्रसाद

———

प्रेषक: मेधा
प्रति: मंडळाची यादी

प्रसाद,

आधी तुझ्या मुलाचं मनापासून अभिनंदन. हे यश किती पहाटे उठून मिळालंय ते मला ठाऊक आहे. माझा मुलगा आता तिसऱ्या वर्षाला आहे, तोही लाइनवरच खेळतो. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, त्याला अजून तिथे दोन सीझन काढायचे आहेत.

कोचनी सांगितला तो नियम आहे. सीझनमध्ये आठवड्याला २० तास, दिवसाला जास्तीत जास्त चार, आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी. फक्त त्या २० तासांत काय धरतात ते नीट समजून घे. मैदानावरची प्रॅक्टिस, वेट रूम, टीमची मीटिंग, एकत्र बसून फिल्म बघणं हे धरतात. बस-विमानाचा प्रवास धरत नाहीत. प्रॅक्टिसच्या आधी घोट्यांना टेप बांधून घेणं, नंतर बर्फाच्या टबात बसणं, खांद्यावरचे उपचार, हे धरत नाहीत. ‘ऐच्छिक’ व्यायाम धरत नाहीत. आणि मॅचचा दिवस, कितीही लांबला तरी, तीन तासांचा धरतात.

तो दिवस कसा असतो ते सांगते. शनिवारी संध्याकाळची मॅच, तीसुद्धा आपल्याच गावात. तरी शुक्रवारी संध्याकाळी सगळी टीम हॉटेलवर. रात्री दारावर टकटक करून मुलं खोलीत आहेत ना हे बघून जातात. सकाळी नाश्ता, मीटिंग, पार्किंगमध्ये सावकाश चालत सगळ्या चाली एकदा करून बघायच्या, परत मीटिंग, ठरलेल्या वेळी जेवण, बस, वॉर्म-अप, साडेतीन तासांची मॅच, मग दुखापती बघणाऱ्या ट्रेनरकडे रांग. माझ्या मुलाचा फोन येतो तेव्हा रात्रीचा एक वाजलेला असतो. त्या सगळ्याचे कागदावर तीन तास.

हे फक्त माझं म्हणणं नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉल खेळाडूंनी युनियनसाठी अर्ज केला होता. त्यावर २०१४ मध्ये राष्ट्रीय कामगार मंडळाच्या शिकागोच्या अधिकाऱ्याने निकाल दिला, त्यात तासांची नोंद आहे: ऑगस्टच्या कॅम्पमध्ये आठवड्याला ५० ते ६०, सीझनमध्ये ४० ते ५०. पुढच्या वर्षी मुख्य मंडळाने ते प्रकरण आपल्या हाती घेतलं नाही, युनियन झाली नाही. पण ते तास कुणी खोडून काढलेले नाहीत. एनसीएएच्या स्वतःच्या सर्वेक्षणातही वरच्या गटातल्या फुटबॉलपटूंनी ४० तासांच्या वरच आकडा सांगितला आहे. त्या अर्जामागचा मुलगा केन कोल्टर हा तिथला क्वार्टरबॅक. त्याला डॉक्टर व्हायचं होतं. केमिस्ट्रीचा क्लास प्रॅक्टिसच्या वेळेला येत होता म्हणून तो मार्ग सुटला, असं त्याने साक्षीत सांगितलं.

मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा दुसऱ्याच्या मुलाची गोष्ट म्हणून वाचलं. दोन वर्षांनी आमच्या घरात तेच झालं. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाची लॅब मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी दोन ते पाच. प्रॅक्टिस अडीचला. खेळाडूंच्या सल्लागारबाई फार चांगल्या, कुणी आवाज चढवला नाही, कुणी जबरदस्ती केली नाही. त्यांनी फक्त एक यादी पुढे ठेवली: प्रॅक्टिसच्या वेळेत बसणारे विषय. मेकॅनिकल त्यात नव्हतं. लॅब उन्हाळ्यात करता येईल म्हणावं, तर उन्हाळ्यात ते ऐच्छिक व्यायाम असतात, आणि वेट रूमच्या भिंतीवर नावांचा तक्ता असतो. आलेल्यांपुढे हिरवी खूण. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने आपल्या नावापुढची रिकामी चौकट रोज बघायची आणि तरी म्हणायचं की हे ऐच्छिक आहे? आता तो दुसरा विषय शिकतो. बरा शिकतो. पण लहानपणी आमच्या मिक्सरची मोटर खोलून परत जोडणारा तो मुलगा आहे, आणि मला ते विसरता येत नाही.

गेल्या दिवाळीत त्यांना मॅच नसलेला आठवडा मिळाला, तेव्हा दीड दिवस घरी आला. पहिले चौदा तास झोपला. उठून सवयीप्रमाणे आजीशेजारी रव्याचे लाडू वळायला बसला. उजव्या हाताची दोन बोटं टेपने एकत्र बांधलेली. लाडू काही वळेना, मूठच मिटत नव्हती. सासूबाईंनी त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि बोटं एकेक करून मिटायचा प्रयत्न केला. तो हसत म्हणाला, “आजी, लाइनवर सगळ्यांचे हात असेच असतात.” सासूबाईंनी त्याच्या वाटचे लाडू वळून दिले, आणि आत जाऊन बसल्या.

एक अगदी व्यवहाराची गोष्ट. मुलगा कॉलेजला गेला की मार्क असोत की दुखापत, त्याच्या परवानगीशिवाय आपल्याला कुणी काही सांगत नाही. त्याला डोक्याला मार लागून कन्कशन झालं होतं हे मला चौथ्या दिवशी कळलं, तेही टीममधल्या दुसऱ्या मुलाच्या आईकडून. तो म्हणाला, तू घाबरशील म्हणून नाही सांगितलं. तेव्हा पहिल्याच दिवशी परवानगीच्या फॉर्मवर त्याची सही घे, आरोग्याच्या आणि अभ्यासाच्या, दोन्ही.

मेधा

———

प्रेषक: अविनाश
प्रति: मंडळाची यादी

मेधा, तुझी तळमळ समजते, पण दुसरी बाजूही प्रसादसमोर यायला हवी.

माझ्या दोन्ही मुलांनी कर्ज काढून शिक्षण घेतलं. थोरला छत्तिसाव्या वर्षी अजून हप्ते भरतोय. प्रसादच्या मुलाला फी, राहणं, जेवण, शिकवणी, डॉक्टर, सगळं मिळणार. शिवाय १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत मुभा ठरली. आमच्या वेळी असं काही ऐकलं तरी होतं का? ब्रँडन चिलारचे वडील भारतीय. तो लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात खेळला, ग्रीन बे पॅकर्सबरोबर सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचं विजेतेपद, जिंकला. आपल्या मुलांनी मोठं स्वप्न बघू नये असं थोडंच आहे?

आणि कष्टांचं म्हणशील तर माझे आजोबा कोल्हापूरला तालमीत वाढले. पहाटे चारला जोर-बैठका, मग लढत, मग मातीत घाम जिरवायचा, संध्याकाळी पुन्हा तेच. त्यांचे तास कुणी मोजले नाहीत. त्या शिस्तीवर त्यांनी पुढे सगळं घर उभं केलं. मुलांना कष्ट पडू द्यावेत.

अविनाश

———

प्रेषक: वैशाली
प्रति: मंडळाची यादी

नमस्कार. मी फॅमिली डॉक्टर आहे आणि सीझनमध्ये इथल्या शाळेच्या मॅचना मैदानावर उभी असते, म्हणून फक्त तब्येतीपुरतं लिहिते.

प्रसाद, तुमचा मुलगा लाइनवर खेळतो, म्हणजे वजनदार असणार. उन्हाळ्यातल्या व्यायामात उष्माघाताचा सर्वांत जास्त धोका याच मुलांना असतो. २०१८ च्या मे महिन्यात मेरीलँड विद्यापीठात जॉर्डन मॅकनेर हा १९ वर्षांचा लाइनमन धावण्याच्या सरावात कोसळला आणि दोन आठवड्यांनी गेला. लक्षणं दिसल्यापासून तातडीच्या मदतीसाठी ९११ ला फोन होईपर्यंत सुमारे तास गेला होता, आणि त्याला बर्फाच्या पाण्यात बसवलंच नव्हतं. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी जाहीरपणे जबाबदारी स्वीकारली. त्याच्या आईवडिलांनी त्याच्या नावाने संस्था काढली आणि ते दुसऱ्यांच्या मुलांसाठी हेच सांगत फिरतात: आधी थंड करा, मग हॉस्पिटलला न्या. पहिल्या अर्ध्या तासात शरीर थंड झालं तर असा मुलगा वाचतो. म्हणून भेटीला जाल तेव्हा स्टेडियम, लॉकर रूम, चकचकीत वेट रूम सगळं दाखवतील, तुम्ही मात्र विचारा की सरावाच्या मैदानाशेजारी बर्फाचा टब कुठे असतो. तो भरलेला बघून या.

दुसरी गोष्ट, खास आपल्या लोकांसाठी. मी नागपूरची. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा गुण आपल्या विदर्भात आणि नंदुरबारकडे बऱ्याच कुटुंबांत असतो. नुसता गुण असेल तर एरवी माणसाला काहीच जाणवत नाही. पण न थांबता जोरात धावायला लावलं तर रक्तपेशी वाकड्या होऊन जिवावर बेतू शकतं. २००६ मध्ये राइस विद्यापीठात डेल लॉइड हा १९ वर्षांचा मुलगा १०० यार्डांच्या १६ धावांनंतर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याच्या आईवडिलांनी दावा लावला, त्यातून एनसीएएने २०१० पासून पहिल्या श्रेणीतल्या खेळाडूंसाठी तपासणी आणली. तुमचा मुलगा अमेरिकेतच जन्मला असेल तर त्याची ही तपासणी जन्मतःच झालेली आहे, बालरोगतज्ज्ञांकडून रिपोर्ट मागवा. गुण असला म्हणून खेळ सोडावा लागत नाही, पण ट्रेनरला ते माहीत असावं लागतं आणि धावांच्या मध्ये विश्रांती द्यावी लागते.

आणि विचारा, ट्रेनरचा साहेब कोण? मोठ्या कॉन्फरन्सेसमध्ये (एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांमध्ये) खेळवायचं की नाही याचा अंतिम निर्णय डॉक्टर आणि ट्रेनरचा असतो, कोचचा नाही, असा नियम आहे. तो तिथे खरोखर पाळतात का, हे सध्याच्या खेळाडूंना एकटं गाठून विचारावं.

वैशाली

———

प्रेषक: मेधा
प्रति: मंडळाची यादी

वैशाली, तीन वर्षांपूर्वी तुझं पत्र मिळायला हवं होतं मला.

अविनाशकाका, तुम्ही वडीलधारे आहात, तुमच्या आजोबांबद्दल मला आदरच आहे. पण तालमीत वस्ताद पोरांबरोबर राहायचे. कुणाचा खुराक कमी झाला, कोण रात्री कण्हत होता, ते त्यांना कळायचं. माझ्या मुलाने तीन वर्षांत तीन लाइन कोच बघितले. ज्यांनी आमच्या घरी बसून शब्द दिला ते पहिल्याच हिवाळ्यात दुसऱ्या विद्यापीठात गेले. त्यांनी तसं जाऊ नये असं मी म्हणत नाही, पण शब्दही त्यांच्याबरोबर गेला. आणि तालमीतल्या पोराला मंगळवारी दुपारी थर्मोडायनॅमिक्सची लॅब नव्हती.

पैशांचं म्हणाल तर तो मोठा आकडा सगळ्या खेळांत आणि शंभराहून जास्त फुटबॉलपटूंत वाटला जातो. क्वार्टरबॅकला मिळतं ते दुसऱ्या फळीतल्या लाइनमनला मिळत नाही. एनएफएल ही व्यावसायिक लीग दरवर्षी ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडते, त्याला पात्र झालेल्या कॉलेज खेळाडूंतले दोन टक्केसुद्धा निवडले जात नाहीत. बाकीच्यांना पदवीवरच जगायचं आहे, म्हणून ती कुठली पदवी, याला इतकं महत्त्व आहे. आणि मागण्या कमी होत नाहीत, वाढतायत. २०२४ पासून यूसीएलए आणि न्यू जर्सीचं रटगर्स एकाच कॉन्फरन्समध्ये आहेत, म्हणजे एका शनिवारसाठी अख्खा देश ओलांडायचा आणि सोमवारी वर्गात बसायचं. त्याच वर्षी विजेतेपदाचा प्लेऑफ बारा टीमचा झाला. ओहायो स्टेट विद्यापीठाची मुलं ऑगस्टपासून २० जानेवारीपर्यंत १६ मॅच खेळली.

कष्टांबद्दल माझी तक्रार नाही काका. माझ्या मुलाचा खेळावर जीव आहे, त्याच्या पहिल्या मॅचला गर्दीत उभी राहून मी लहान मुलीसारखी रडले होते. माझं एवढंच म्हणणं आहे की ४० तासांना २० म्हणू नका. आमच्या घरी येऊन कोचनी सांगितलं असतं की हे ४० तासांचं काम आहे, तर आम्ही मेकॅनिकलची पाच वर्षं धरली असती, लॅब कुठल्या सत्रात बसतील ते आधीच मांडलं असतं, स्कॉलरशिप पाचव्या वर्षी चालेल असं लिहून मागितलं असतं. किंवा दुसरीकडे गेलो असतो. आयव्ही लीगमध्ये, म्हणजे आठ जुन्या नामवंत विद्यापीठांच्या गटात, खेळाची स्कॉलरशिप नसते, घरच्या उत्पन्नावर मदत मिळते. त्यातल्या डार्टमथने २०१० पासून सरावात आपल्याच खेळाडूंना पाडणं बंद केलं, आणि २०१६ मध्ये त्या लीगच्या सगळ्या कोचनी मिळून सीझनमधल्या सरावात तो नियम आणला. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं. आम्हाला निवड करता आली असती. आम्हाला आकडाच चुकीचा दिला.

प्रसाद, आमच्या मुलाचं ऑक्टोबरमधल्या एका आठवड्याचं वेळापत्रक त्याच्याच हातचं आहे, ते तुला वेगळं पाठवते.

मेधा

———

प्रेषक: प्रसाद
प्रति: मंडळाची यादी

मंडळी, उत्तरांबद्दल मनापासून आभार. शनिवारी एका विद्यापीठाची अधिकृत भेट करून आलो.

वैशालीताई, टब बघितला. मैदानाला लागून शेडमध्ये दोन होते, भरलेले, शेजारी बर्फाचं मशीन. ट्रेनर बाईंनी न विचारता थर्मामीटर काढून दाखवला आणि त्या विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राच्या नोकर आहेत, फुटबॉलच्या नाहीत, हेही सांगितलं. त्यांच्यावर विश्वास बसला. सिकलसेलचा रिपोर्ट मागवलाय.

मेधाताई, तुमच्या मुलाचं वेळापत्रक मी बेरीज करून बघितलं, प्रवास धरून ५३ तास झाले. तो कागद मुलालाही दिला होता. मीटिंगमध्ये मी पाचव्या वर्षाचं विचारलं तर ‘आम्ही सगळ्यांची सोय करतो’ एवढंच उत्तर आलं. मग लेकाने स्वतः विचारलं, आम्ही त्याला काही सांगून ठेवलं नव्हतं. म्हणाला, “सर, तुमच्या आत्ताच्या टीममध्ये इंजिनिअरिंगचे किती जण आहेत?” कोच जरा थांबले, शेजारच्या सहकाऱ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “एक होता.”

परतीच्या तीन तासांत तो फारसं बोलला नाही. घरी आल्यावर तुमचा कागद फ्रिजवर लावला आणि दुसऱ्या विद्यापीठाच्या लॅबच्या वेळा शोधत बसला. त्याला तुमच्या मुलाशी थेट बोलायचं आहे. त्याची सुट्टी रविवारी असते की सोमवारी?

प्रसाद