डिस्कवर लेखन चालू असताना पीसीआय बसवरचा विलंब कसा मोजावा?

प्रश्न (वाळूज एमआयडीसी):
बेअरिंगची कंपने तपासण्यासाठी आमच्या जुन्या औद्योगिक संगणकात 32 बिट, 33 मेगाहर्ट्झचे पीसीआय कार्ड आहे (पीसीआय म्हणजे अशी कार्डे संगणकाला जोडणारा सामाईक मार्ग, म्हणजेच बस). एरवी वाचन वेळेवर होते. मात्र लिनक्सने डिस्कवर मोठी फाइल लिहायला घेतली की अधूनमधून एखादे वाचन उशिरा येते. हा उशीर बसवर होतो की इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत) हाताळताना, हे मोजून ठरवायचे आहे. चालू स्थितीतले यंत्र केवळ संशयावरून मोडीत काढणे मला पटत नाही.

उत्तर (नांदेड):
दोन्ही उशीर एकाच मोजमापात मिसळले तर काहीच सिद्ध होणार नाही. कर्नल मॉड्यूलमध्ये (लिनक्सच्या गाभ्याला जोडायच्या प्रोग्राममध्ये) थोडा वेळ इंटरप्ट बंद ठेवून कार्डाचे असे एखादे रजिस्टर (कार्डावरची माहितीची छोटी जागा) वारंवार वाचावे, जे वाचल्याने कार्डाची स्थिती बदलत नाही, आणि प्रत्येक वाचनाच्या आधी व नंतर प्रोसेसरच्या टाइमस्टॅम्प काउंटरची (त्यातल्या वेळ मोजणाऱ्या गणकाची) नोंद घ्यावी. लेखनाचा वेळ मोजण्यात अर्थ नाही, कारण लिहिलेली माहिती ब्रिजच्या (प्रोसेसर व बस यांमधल्या दुव्याच्या) बफरमध्ये ठेवून प्रोसेसर पुढे निघून जातो. वाचनात मात्र कार्डाचे उत्तर येईपर्यंत त्याला थांबावेच लागते. सरासरीवर विसंबू नये, सर्वांत मोठ्या नोंदी किती आणि केवढ्या आहेत ते पाहावे. हेच मोजमाप आधी डिस्क शांत असताना आणि मग 'एफआयओ' (fio) या डिस्कवर भार टाकणाऱ्या साधनाने पेज कॅश (मेमरीतला तात्पुरता साठा) टाळून लेखन चालू ठेवून करावे.

उत्तर (लातूर):
त्याआधी 'एलएसपीसीआय -टी' (lspci -t) ही जोडण्यांची रचना दाखवणारी आज्ञा चालवून डिस्क कंट्रोलर आपल्या कार्डाच्याच बसवर आहे का, ते पाहावे. मदरबोर्डच्या चिपसेटमधला साटा (डिस्क जोडणीचा) कंट्रोलर असेल तर ओढाताण बहुधा मेमरीकडच्या वाटेवर होत असेल.

प्रश्नकर्ता:
कंट्रोलर वेगळ्या कार्डावर असून दोन्ही कार्डे एकाच बसवर आहेत.

उत्तर (लातूर):
मग कंट्रोलरचा लेटन्सी टायमर बदलून पाहावा. तो 64 असेल तर बसची परवानगी काढून घेतल्यावरही कंट्रोलर आपला व्यवहार बसच्या 64 क्लॉकपर्यंत (ठोक्यांपर्यंत), म्हणजे सुमारे 1.9 मायक्रोसेकंद, चालू ठेवू शकतो. 'सेटपीसीआय' (setpci) या आज्ञेने तो 32 करावा. ही आज्ञा आकडा षोडशमान पद्धतीने घेते, म्हणून 20 लिहावे. त्याने मोठ्या नोंदी आखडल्या तर उशीर बसवरचाच आहे. फार खाली मात्र जाऊ नये, नाहीतर डिस्कचा वेग घटतो.

उत्तर (नांदेड):
यात एक भर घालतो. उशीर शंभर मायक्रोसेकंदांच्या घरात असेल तर तो लेटन्सी टायमरच्या हिशेबात बसत नाही. इंटरप्ट बंद असतानाही बायोसचे एसएमआय (प्रोसेसरला मध्येच बायोसच्या कामाला लावणारे खास इंटरप्ट) येतच राहतात. त्यांच्यासाठी 'एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट' (hwlatdetect) हे असे उशीर शोधणारे साधन वेगळे चालवावे.