नसेचं ऑपरेशन झालं, आठ महिने झाले, करंगळीतली आग थांबत नाही

बागाईतदार, मखमलाबाद (नाशिक)
नमस्कार. वय ५२, तीन एकर द्राक्षबाग. कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ना, ती नस दबली होती. फेब्रुवारीत मोकळी केली. पण करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू अजून मिरची लागल्यासारखी जळते. रात्री नुसती चादर घासली तरी जाग येते. बागेत गोडी छाटणी (फळांसाठीची) सुरू आहे. पाच-दहा काड्या कापल्या की बोटं आपोआप सुटतात, कात्री मातीत पडते. मजूर उचलून हातात देतात, काही बोलत नाहीत. तेच जास्त लागतं. घरचे म्हणतात, ऑपरेशन झालं ना, मग आता काय? रात्री नसेच्या दुखण्याची गोळी प्रीगाबालिन ७५ घेतो, सकाळी डोकं जड, ट्रॅक्टरवर बसायची भीती वाटते. सोडून देऊ का गोळी?

शिवणकाम, सिडको
दादा, मनाने गोळी सोडू नका. मी एकदम बंद केली होती, चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. डॉक्टरांना डोकं जड होतं ते सांगा, डोस किंवा वेळ ते बदलतात.
माझं मनगटाचं ऑपरेशन होतं. फिजिओच्या सांगण्यावरून दुखऱ्या जागेवर रोज कापड फिरवायचे. आधी मलमल, मग सुती, शेवटी खरखरीत टॉवेल. पहिले दिवस मलमलसुद्धा सहन व्हायची नाही, डोळ्यांत पाणी यायचं. तीन महिन्यांनी टॉवेलपर्यंत पोचले. दुखणं गेलं नाही, पण आता बांगडी घालता येते.

फिजिओथेरपिस्ट, नाशिकरोड
काका, इजा झालेली नस पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर. तुमचे आठ महिने म्हणजे अर्ध्या हाताच्या थोडं पुढे. घरच्यांना हाच हिशोब सांगा. झोपताना कोपर दुमडलं की नसेवर ताण येतो, म्हणून कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळा. शुगर आणि बी-१२ तपासलंय का? आणि अंगठा व तर्जनीमधला मांसल भाग खोल गेल्यासारखा वाटत असेल, तर थांबू नका, सर्जनना दाखवून एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ती तपासणी, पुन्हा करायची का ते विचारा.

बागाईतदार, मखमलाबाद
ताई, मॅडम, आभार. शुगर कधी तपासलीच नव्हती, सोमवारी जातो. हिला हात धरून दाखवलं, नस इथवर आलीय म्हणून. तिने मनगटाच्या अलीकडे पेनाने खूण केली. कात्री आता मुलाकडे आहे. काडीच्या कुठल्या डोळ्यावर कापायचं ते मी डाव्या हाताने दाखवतो.