मदत हवी आहे: ट्रान्सप्लांटनंतर टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) अजून पूर्ण दात्याच्या नाहीत, डीएलआयबद्दल अनुभव?

धाकट्या भावाचा (वय ३४, एएमएल हा रक्ताचा कर्करोग) अर्ध्या जुळणीचा मूळपेशींचा ट्रान्सप्लांट होऊन ९४ दिवस झाले. दाता मीच. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड दिलं होतं, दात्याच्या पेशी अंगावर उलटू नयेत म्हणून.

मज्जेत आजार दिसत नाही, एमआरडी (सूक्ष्म प्रमाणात उरलेल्या आजाराची तपासणी) निगेटिव्ह. एकूण रक्तात दात्याच्या पेशी ९८ टक्के, पण टी-पेशी वेगळ्या काढून तपासल्या तर ८१. महिन्यापूर्वी ८४ होत्या, म्हणजे घसरण थोडीच, पण उलट्या दिशेने. जीव्हीएचडी (दात्याच्या पेशींनी शरीरावर उलटणं) नाही: पुरळ, जुलाब, कावीळ काहीच नाही. सीएमव्ही या विषाणूची तपासणीही निगेटिव्ह. आधी याचाच आनंद होता! आता कळतंय की उरलेला आजार मारणाऱ्या आणि अंगावर उलटणाऱ्या पेशी बऱ्याच अंशी त्याच.

डॉक्टर टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) हळूहळू कमी करताहेत. तेवढ्याने भागलं नाही तर माझ्या लिम्फोसाइट्स (टी-पेशी असलेल्या पांढऱ्या पेशी) थोड्या थोड्या डोसमध्ये देणार, हेच डीएलआय. दुसरं मत घेतलं, तेही हेच. उपचार बदलायचा नाहीये. पुढच्या भेटीत नेमकं विचारता यावं म्हणून लिहितोय.

अर्ध्या जुळणीत ज्यांनी डीएलआय घेतलं, त्यांच्याकडे टॅक्रोलिमस थांबल्यावर किती आठवडे वाट पाहिली, आणि पहिला डोस किलोमागे एक लाख टी-पेशींचा होता की दहा लाखांचा?