टाचांच्या भेगा आणि कोकमाचं तेल

मी सावंतवाडीची, लग्न होऊन निफाडला आलेय. इथली थंडी म्हणजे पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात! नडग्यांवर नखाने रेघ ओढली तर पांढरी उमटते. टाचा तर अशा की रात्री गोधडीचा दोरा अडकतो. आईने कोकमाच्या तेलाचा गोळा दिलाय, पण तो दगडासारखा घट्ट. घासला तर भेगा आणखी दुखतात. कसा वापरू?

– अगं, घासायचा नसतो! सुरीने नखाएवढा कीस काढ, पळीत घालून मंद आचेवर वितळव. कोमट झालं की भेगेत बोटाने भर, वर सुती मोजे. मोजे विसरलीस तर चादरीचा सत्यानाश, अनुभवाचे बोल.

– तेल लावायच्या आधी पाय १० मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. तेल ओलावा देत नाही, आत आहे तो धरून ठेवतं. कोरड्या टाचेवर नुसतं तेल म्हणजे रिकाम्या डब्याला झाकण. नडग्यांनाही अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावा. आणि बंबाचं कढत पाणी बंद!

– भेगेतून रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल तर घरगुती प्रयोग नकोत, डॉक्टरांना दाखवा. तसं काही नसेल तर युरिया असलेलं क्रीम मिळतं, जाड कातडी मऊ करतं. उघड्या भेगेवर मात्र झोंबतं.

– मधुमेह नाही, रक्तही नाही. पळी चढवली. सासूबाई विचारतायत, फोडणी कसली?