नुकताच पाहिलेला प्रेमपट: काय पटलं, काय खटकलं? (अनुभव धागा)

पागोळी
परवा ओटीटीवर एक नवाकोरा प्रेमपट लावला. नाव सांगत नाही, शिव्याच घालायच्या आहेत. मध्यंतराच्या सुमारास ठरलेला पाऊस आला. दोघांवर धो धो कोसळतोय आणि मागे वीस पावलांवर रस्ता ठणठणीत कोरडा. झाडाचं पान हलत नाही. सावल्या तर डांबरावर कात्रीने कापून ठेवल्यासारख्या. त्यावरून 'श्री ४२०'मधली (१९५५) छत्री आठवली. तोही काही खरा मान्सून नव्हे, पण तिथे बघणाराही भिजतो. असं का होतं?
हल्ली बघितलेल्या प्रेमपटांत काय जमलं, काय फसलं ते नेमकं लिहा. 'केमिस्ट्री नव्हती' एवढं टाकून पळू नका.

दहा_हजार_लिटर
सावली कडक पडली म्हणजे भर उन्हात पाऊस पाडलाय. थेंब दिसतो तो मागून उजेड आला तर. समोरून दिवा मारला की पाणी गायब, माणूस फक्त चकाकतो. म्हणून रात्र, मागे काळोख, आणि दिवा पात्रांच्या पाठीमागे उंचावर. 'श्री ४२०' कृष्णधवल, त्यात रात्र, निम्मं काम तिथेच झालं.
'सिंगिंग इन द रेन'च्या (१९५२) पाण्यात दूध मिसळलं होतं ही लोणकढी थाप अजून फिरते. तिथेही करामत मागच्या उजेडाचीच.
पाऊस तीन थरांत लागतो: कॅमेऱ्यापुढे थोडा, पात्रांवर बेताचा, मागे भरपूर. पैसे वाचवायचे झाले की मागचा थर आधी कापतात, मग तुमचा तो कोरडा रस्ता दिसतो. निदान शॉटच्या आधी मागची जमीन तरी भिजवून घ्यावी. पाइपही खाली बांधू नये. वेग पकडायला थेंबाला उंची लागते, नाहीतर न्हाणीघरातला शॉवर.

कुकरची_शिट्टी
म्हणजे नायिका दोन तास शॉवरखाली होती 😂

दहा_हजार_लिटर
दोन तास पुरणार नाही हो. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. १० बाय १० मीटरच्या चौकात ताशी ५० मिमीची मुसळधार पाडायची तर तासाला ५,००० लिटर. दहा हजारांचा टँकर कागदावर दोन तास चालतो, पण पडद्यावर दिसायला त्याहून कितीतरी दाट सर लागते. त्यामुळे तालमी कोरड्यात, पाणी फक्त प्रत्यक्ष टेकच्या वेळी.

फोकसवाला
शटरचंही लिहा की. टपोरा थेंब सेकंदाला साधारण ९ मीटरने पडतो. सेकंदाला नेहमीच्या २४ फ्रेम (चित्रं) आणि शटर, म्हणजे उजेड आत सोडणारी झडप, १८० अंश उघडं असेल तर एक फ्रेम १/४८ सेकंद उघडी असते, तेवढ्यात थेंब १९ सेंमी खाली. म्हणून पडद्यावर वीतभर रेघ दिसते, ती डोळ्याला मऊ वाटते. शटर ४५ अंशांवर आणलं की रेघ पावणेपाच सेंमीची होते, पाऊस दाण्यादाण्याने टोचतो. हाणामारीला ते छान. प्रेमात नको.

पागोळी
अरे वा! म्हणजे माझ्या नायिकेवर गारा पडत होत्या.

लिपसिंक_ताई
घाईत लिहितेय. पावसात जनरेटर, पंप, पत्र्यावर पाणी, सगळ्याचा आवाज माइकमध्ये. सेटवरचा आवाज फक्त अंदाजाला ठेवतात आणि संवाद नंतर स्टुडिओत डब होतात. चोरी कुठे पकडायची? प, ब, भ, म. या अक्षरांना ओठ मिटतातच. 'मला माहीत नव्हतं' म्हणताना ओठ उघडे दिसले की समजा वाक्य नंतर बदललंय. दुसरी खूण श्वास. माणूस गारठलाय, धापा टाकतोय आणि आवाज मात्र एसी खोलीतला निवांत. चांगला डबिंग कलाकार वाक्याआधीचा श्वासही भरतो, ओठांची चटकही. घाईत ते राहतं आणि लोक म्हणतात 'केमिस्ट्री नाही'.

प्रेक्षक_क्र_२
पाऊस सोडा. 'पास्ट लाइव्हज' (२०२३) कोणी पाहिला? शेवटी नायिका आणि तिचा बालपणीचा मित्र टॅक्सीसाठी चालत जातात ती दिशा बघा. जाताना पडद्याच्या उजवीकडून डावीकडे, ती एकटी परत येते तेव्हा डावीकडून उजवीकडे. आपण डावीकडून वाचतो, म्हणून डावी बाजू झालेल्या काळाची. एक शब्द न बोलता कळतं की ती त्याला भूतकाळात पोचवून आली. आणि टॅक्सीची वाट बघताना दोघं नुसते उभे. आपल्याकडे तेवढ्या वेळात एक कडवं झालं असतं.

कुकरची_शिट्टी
दोन कडवी आणि स्वित्झर्लंड.

आजीचा_रिमोट
सगळं खरं, पण घरी टीव्हीवर प्रत्येक प्रेमपट मालिकेसारखा दिसतो त्याचं काय? गुळगुळीत, चकचकीत. नवीन टीव्ही आहे.

फोकसवाला
टीव्ही मधल्या फ्रेम मनाने बनवतोय. चित्रपट २४ फ्रेमचा, टीव्ही ५०-६० च्या. सेटिंगमध्ये पिक्चर, त्यात मोशन. कुठे ट्रूमोशन म्हणतात, कुठे मोशनफ्लो, कुठे ऑटो मोशन प्लस. बंद करा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर एका बटणात काम. क्रिकेटला मात्र परत चालू करा, नाहीतर घरात भांडण.

लिपसिंक_ताई
आणि संवाद पुटपुटल्यासारखे, गाणं लागलं की शेजारी दार वाजवतात, हे होत असेल तर अॅपमध्ये ऑडिओ ५.१ (अनेक स्पीकरांसाठीचा) वरून स्टिरिओ (दोन स्पीकरांचा) करा. ५.१ मध्ये संवाद मधल्या स्पीकरला असतात. तो स्पीकरच घरात नाही, मग टीव्ही त्यांना दोन्ही बाजूंत मिसळतो आणि ते दबतात. मोठे आवाज दाबणाऱ्या नाइट मोडनेही फरक पडतो.

आजीचा_रिमोट
झालं!! मोशन बंद केलं. धन्यवाद. आता नायिकेचा मेकअप दिसत नाही 😄

मु_पो_करमाळा
'सैराट'चं (२०१६) नाव कोणीच काढलं नाही? गाण्यांचा वाद्यवृंद लॉस एंजेलिसला रेकॉर्ड केलेला आणि चित्रीकरण आमच्या तालुक्यात. गाण्यांत व्हायोलिनं अंगावर लाटेसारखी येतात, विहिरीत उडी मारली तरी. तेवढं भरून दिलं म्हणून शेवटची शांतता कानात बसते. पोर घरात शिरतं तिथपासून आवाजच काढून घेतलाय. आधी दोन तास कुजबुजलेल्या सिनेमात तीच शांतता वाया गेली असती.

पागोळी
पटलं. स्लो मोशन गाण्यांचं पण कोणीतरी सांगा. त्यात ओठ बरोबर कसे जुळतात?

फोकसवाला
४८ फ्रेमने शूट करायचं आणि सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं. नट त्या चिपमंक (कार्टूनमधल्या खारीसारख्या किनऱ्या) आवाजावर भराभर ओठ हलवतो. २४ ने दाखवलं की ओठ मूळ गाण्याला बसतात, केस आणि ओढणी निम्म्या वेगाने. ३६ फ्रेम असतील तर गाणं दीडपट. फसतं ते मानेत: घाईने शब्द गाठताना गळ्याच्या शिरा ताणतात, जबडा जास्त उघडतो. चेहरा प्रेमळ आणि मान कबड्डीतली. द्रुत गाणं असेल तर दुप्पट वेग जमतच नाही, तिथे ओठ न दाखवता पाठमोरं चालवतात.

प्रेक्षक_क्र_२
वोंग कार-वाईच्या 'इन द मूड फॉर लव्ह'मध्ये (२०००) ओठ हलवायची भानगडच नाही. ती डबा घेऊन नूडल्स आणायला जिना उतरते, तेवढंच संथ, त्यावर तीन मात्रांचा वॉल्ट्झ. तो तुकडाही मुळात 'युमेजी' या १९९१च्या जपानी सिनेमाचा. दिवस बदलला हे कळतं कशावरून? तिचा पेहराव बदलला की. तारीख नाही, घड्याळाचा क्लोजअप नाही. गोष्ट १९६२च्या हाँगकाँगची, चित्रीकरण बरंचसं बँकॉकमध्ये. दुसऱ्यांदा बघताना फक्त कपडे बघा.

कुकरची_शिट्टी
आमच्या मालिकांत एकाच प्रसंगात तीन साड्या बदलतात. दिवस मात्र तोच.

लिपसिंक_ताई
ते कंटिन्युइटीचं (एका शॉटचं दुसऱ्याशी जुळण्याचं) पाप 😀 पावसात तर फार. लाँग शॉट सकाळी, क्लोजअप जेवणानंतर, मधे केस वाळले. एकाच कपड्याचे निदान तीन जोड लागतात, आणि प्रत्येक टेकआधी ओल्या केसांचा फोटो. गालावरचे थेंब टिकायला पाण्यात ग्लिसरीन घालून फवारतात, नुसतं पाणी दिव्याखाली लगेच सुकतं. थेंब गालावर हलतच नसेल तर समजा ग्लिसरीन जास्त झालं.

मु_पो_करमाळा
बजेट नसेल तर पाऊस नकोच. 'मुंबई-पुणे-मुंबई' (२०१०) दोन माणसं आणि पुण्यातला एक दिवस, संपलं. पण मग सगळा भार बोलण्यावर. अशा सिनेमात दोघांचे क्लोजअप वेगवेगळे घेतात, तेव्हा समोरच्याने कॅमेऱ्याला अगदी खेटून उभं राहून संवाद द्यावा लागतो. तो दोन हात लांब उभा राहिला की नायिकेची नजर खांद्यापलीकडे जाते. प्रेमात पडलीय की बस बघतेय, कळत नाही.

पागोळी
😂😂 माझ्या सिनेमात नक्की बस बघत होती.

आजीचा_रिमोट
एवढं पावसाचं वाचून भजी खावीशी वाटली. नेहमी मऊ पडतात, काय चुकतं?

दहा_हजार_लिटर
पाणी. टँकरसारखंच, जास्त झालं की गेलं. कांदा उभा पातळ, मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा, सुटेल तेवढ्या पाण्यात मावेल तेवढंच बेसन. वरून थेंबही नाही. तेल मध्यम तापलेलं, एका घाण्यात कमी सोडा.

कुकरची_शिट्टी
चार कांद्यांना ओवा किती?

दहा_हजार_लिटर
पाऊण चमचा. हातावर चुरडून.