द्राक्षबागेतलं काम, गाजरगवत आणि ऊन न सोसणारी त्वचा: काळजी नेमकी कशी घ्यायची?

बेदाणा:
वडील 58 वर्षांचे. तासगाव तालुक्यात दोन एकर द्राक्षबाग, बाकी ऊस. तीन वर्षांपासून चेहरा, मान, कानाच्या पाळ्या आणि हाताच्या पाठीवर भयंकर खाज. कातडी जाड आणि काळपट झाली आहे. त्वचारोगतज्ज्ञांनी ‘क्रॉनिक ॲक्टिनिक डर्मटायटिस’ (उन्हाने उसळणारा जुनाट त्वचादाह) असं निदान केलं, पॅच टेस्टमध्ये (पाठीवर पट्टी चिकटवून करायची ॲलर्जीची चाचणी) गाजरगवत पॉझिटिव्ह आलं. ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) आणि लावायला टॅक्रोलिमस मलम चालू आहे. रक्तदाबाची गोळी जुनीच आहे. औषधाने उतार पडतो, पण एप्रिलच्या खरड छाटणीत आणि ऑक्टोबरच्या छाटणीत पुन्हा उसळतं.

शेती सोडणं शक्य नाही. मग कामाच्या वेळा, कपडे, सनस्क्रीन आणि बांधावरचं गवत यांचं नेमकं काय करायचं? सनस्क्रीन रोज लावूनही फरक का पडत नाही? आणि आपलं साधं टोपी-उपरणं पुरतं का?

कृष्णाकाठ:
तुमच्या प्रश्नातच उत्तराचा धागा आहे. उसळी दोन्ही छाटण्यांतच का येते ते बघा. एरवी मांडवाखाली दाट सावली असते. खरड छाटणी झाली की मांडव उघडा पडतो, नवी फूट वाढून सावली धरायला काही आठवडे जातात, आणि नेमके तेच आठवडे वर्षातल्या सर्वांत प्रखर अतिनील किरणांचे. सांगलीत सूर्य मेच्या पहिल्या आठवड्यात थेट डोक्यावर येतो. ऑक्टोबरमध्ये ऊन थोडं कमी असतं, पण मांडव पुन्हा उघडा आणि पावसाळ्यात वाढलेलं गाजरगवत फुलोऱ्यात. म्हणजे एप्रिलमध्ये मुख्य त्रास उन्हाचा, ऑक्टोबरमध्ये ऊन आणि गवत दोन्हींचा. एकाचाच बंदोबस्त केला तर दुसरं त्वचा शांत होऊ देत नाही.

वेळेबद्दल. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, एप्रिल-मेमध्ये साडेबाराच्या आसपास. म्हणून ‘बारा ते चार ऊन टाळा’ हा सल्ला या आजारात चुकीचा ठरतो, कारण सकाळी दहा-अकराचं ऊन त्यात निसटतं. घड्याळापेक्षा सावली बघा. माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड झाली की अतिनील किरण जोरात आहेत, वडिलांनी शेडमध्ये यावं. त्यांचं छाटणीचं काम उजाडल्यापासून साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी साडेचारनंतर ठेवा, मधल्या वेळेत मजूर लावा. ढगाळ दिवशीही हाच नियम, ढगांतून बरेच अतिनील किरण येतात.

कपडे सनस्क्रीनपेक्षा महत्त्वाचे, हे आधी पक्कं धरा. पातळ पांढरा सुती सदरा हवेशीर असतो, पण विरळ विणीतून किरण आत जातात आणि घामाने ओला झाला की आणखी जातात. दाट विणीचं, गडद रंगाचं, सैल, पूर्ण बाह्यांचं कापड घ्या. दुकानात कापड उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड जाळीसारखा दिसला तर ते नको. गांधी टोपीने कान, मान, गाल काहीच झाकलं जात नाही, म्हणून नुसती टोपी पुरत नाही. चहूबाजूंनी निदान साडेसात सेंटीमीटर कड असलेली टोपी आणि तिच्याखाली कान-मान झाकणारं दाट उपरणं, ही जोडी ठेवा. हातमोजे सुती. रबरी मोज्यात घाम साचतो आणि आधीच फाटलेली कातडी आणखी चिडते.

एक गोष्ट छाटणीशी थेट जोडलेली आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीच्या काडीवरचे डोळे (कोंब) फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाईडचं पेस्टिंग करतात, म्हणजे ते डोळ्यांना लावतात. ते रसायन निरोगी कातडीलाही भाजतं. पेस्टिंग आणि फवारणी ही दोन्ही कामं वडिलांकडे अजिबात ठेवू नका.

औषधवाला:
सनस्क्रीनच्या प्रश्नावर लिहितो. फरक न पडण्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे थर पातळ. बाटलीवरचा एसपीएफ (ऊन अडवण्याचा आकडा) हा त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरला 2 मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो, लोक सहसा त्याच्या निम्म्याहून कमी लावतात. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पूर्ण लांबीवर एकेक रेघ काढायची, एवढं चेहऱ्याला आणि कानांना. मानेला तेवढंच वेगळं. बाहेर पडण्याच्या 15 ते 20 मिनिटं आधी लावायचं, दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा. या मापाने दिवसातून एकदाच लावलं तरी 50 ग्रॅमची ट्यूब दोन-तीन आठवड्यांत संपते, पुन्हा पुन्हा लावलं तर आणखी लवकर. ती तीन महिने पुरत असेल तर संरक्षण नावापुरतं आहे.

दुसरं कारण प्रकाराचं. एसपीएफ मुख्यतः यूव्हीबी या एका जातीच्या अतिनील किरणांचं माप आहे. या आजारात अनेकांना यूव्हीए ही दुसऱ्या जातीची अतिनील किरणं आणि काहींना डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही चालत नाही. म्हणून एसपीएफ 50 बरोबर पीए++++ (यूव्हीए अडवण्याचं माप) बघा. झिंक ऑक्साईडचं, सुगंध नसलेलं, आणि जमल्यास आयर्न ऑक्साईड असलेलं टिंटेड घ्या, कारण दिसणारा प्रकाश बऱ्यापैकी अडवणारं तेच. तिसरं कारण फार वेळा निसटतं: सनस्क्रीनमधल्या एखाद्या घटकाचीच ॲलर्जी होते. नवी ट्यूब आली की कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी आठवडाभर दिवसातून दोनदा लावून बघा. लाली, खाज नाही आली तरच चेहऱ्यावर.

आता औषधांची यादी तपासा, हे तातडीचं. रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाईड आहे का, पाकिटावर वाचा. त्याने उन्हाची संवेदना वाढते. डॉक्सिसायक्लिन, पिरॉक्सिकॅम आणि सांधेदुखीवर चोळायचं किटोप्रोफेन जेल यांनीसुद्धा तसंच होतं. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना पाकीट दाखवून पर्यायी गोळी मागा. संधिवातात युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल कुणी लिहून दिलं, तर ॲझाथायोप्रिन चालू असल्याचं सांगितल्याशिवाय एकही गोळी घेऊ नका. या दोन औषधांच्या एकत्र परिणामाने रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात. ॲझाथायोप्रिनवर असताना रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्या ठरल्या तारखेला व्हायलाच हव्यात. ताप, घशात फोड किंवा तोंड आलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा.

घरगुती उपायांतलं लिंबू आणि बावची पूर्ण बंद. दोन्हींत सोरालेन जातीची द्रव्यं असतात आणि ती लावून उन्हात गेलं की कातडी भाजते. बावचीचं तेल कोडावर वापरतात ते याच गुणामुळे. आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय ‘खाजेची ट्यूब’ आणून चेहऱ्यावर चोळू नका. त्यात बहुधा क्लोबेटासॉलसारखं जोरदार स्टेरॉईड असतं, दोन दिवस बरं वाटतं आणि काही आठवड्यांत कातडी पातळ होते. टॅक्रोलिमसने पहिले काही दिवस जळजळ होते, ती सहसा कमी होते. घाबरून मध्येच सोडू नका.

पाणंद:
गवताचं मी सांगतो. वडिलांनी स्वतः उपटायचं नाही, उपटलेल्या ढिगाजवळ जायचंही नाही. ॲलर्जी करणारं पार्थेनिन पानांत, देठांत आणि पानांवरच्या बारीक केसांत असतं. वाळून चुरा झालेलं गवत वाऱ्याने उडतं तेव्हाही त्रास होतो, म्हणून डिसेंबरमध्ये बांधावर काही हिरवं नसतानाही खाज येऊ शकते. ढीग जाळू नका, धुरानेही उसळतं.

उपटायची वेळ म्हणजे पावसानंतर माती ओली असताना, फुलं येण्याच्या आधी. जून-जुलैमध्ये एकदा आणि नंतर उगवलेल्याला महिन्याभराने पुन्हा. नुसतं कापलं तर बुडातून फुटतं. मजुरांना मोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल द्या, ॲलर्जी त्यांनाही पुढे होऊ शकते. ओढ्याकाठी, पाणंदीला पावसाआधी टाकळ्याचं बी विस्कटा. टाकळा दाट वाढला की गाजरगवताला जागा उरत नाही. पावसाळ्यात पानं खाणारे मेक्सिकन भुंगेरे दिसले तर त्या पट्ट्यावर कीटकनाशक मारू नका, ते आपलंच काम करत असतात. मिठाच्या पाण्याची फवारणी सांगणारे बरेच भेटतील. ती पडीक जागेपुरती ठीक, बागेजवळ नको, जमीन खारावते.

रानातून आल्यावर वडिलांनी आधी चेहरा, मान, हात साध्या पाण्याने धुवावेत, मग सौम्य साबण. कपडे घरच्या इतर कपड्यांत न मिसळता धुवा आणि गवताच्या बांधावर वाळत घालू नका. उपरणं तर रोज धुवायचंच, नाहीतर तोच चुरा दुसऱ्या दिवशी मानेवर घासला जातो.

बेदाणा:
खूप आभार सगळ्यांचे. पाकीट बघितलं, गोळीत हायड्रोक्लोरोथायझाईड आहे. उद्याच डॉक्टरांना दाखवतो. आणखी दोन शंका. दसऱ्याला झेंडूची तोरणं करतो, ती चालतील का? आणि उन्हापासून इतकं लांब राहिल्यावर ड जीवनसत्त्वाचं काय?

कृष्णाकाठ:
झेंडू, शेवंती, सूर्यफूल, करडई ही गाजरगवताच्याच कुळातली. गाजरगवत सोसत नसलेल्यांना यातलं काही सोसत नाही असं बरेचदा आढळतं, शेवंती तर विशेष. तोरण आंब्याच्या पानांचं करा, आणि वडिलांनी फुलं गुंफू नयेत. पापण्या सुजल्या किंवा हनुवटीखाली आणि कानामागे लाली आली, तर कारण गवत-फुलांचं समजा, कारण त्या सावलीतल्या जागांना उन्हाचा चट्टा सहसा लागत नाही. डॉक्टरांना ही जागा आवर्जून सांगा.

ड जीवनसत्त्वासाठी रक्तात 25-हायड्रॉक्सी (ड जीवनसत्त्वाची पातळी दाखवणारी तपासणी) तपासून घ्या. कमी असेल तर 60,000 युनिटची मात्रा डॉक्टर सहसा आठवड्याला एक अशी ठरावीक आठवडेच देतात. ती रोजची गोळी नव्हे. रोज घेतली तर कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते.

औषधवाला:
प्रवासाचं राहिलं होतं. एसटीच्या आणि गाडीच्या बाजूच्या काचा यूव्हीबी अडवतात, यूव्हीए बराचसा आत येतो. सकाळी सांगलीहून कोल्हापूरला जाताना डावीकडे ऊन येतं, म्हणून उजवीकडची जागा धरा. दुपारी परतताना ऊन कोणत्या बाजूने येतंय ते बघा आणि त्याच्या विरुद्ध बाजूला बसा. उपरणं आणि सनस्क्रीन गाडीतही तसंच ठेवा.